गाण्यांची मालकी: पॉल मॅकार्टनी यांची संपत्ती कशी घडली

मे २०२४ मध्ये ‘संडे टाइम्स’ या ब्रिटिश वृत्तपत्राच्या श्रीमंतांच्या यादीत पॉल मॅकार्टनी आणि त्यांच्या पत्नी नॅन्सी शेव्हेल यांची एकत्रित संपत्ती १०० कोटी पौंड इतकी नोंदवली गेली आणि मॅकार्टनी हे ब्रिटनचे पहिले अब्जाधीश संगीतकार ठरले. लिव्हरपूलच्या चौघांच्या ‘बीटल्स’ या त्यांच्या बँडच्या ध्वनिमुद्रिका कोट्यवधींच्या संख्येने विकल्या गेल्या आणि त्यातून हा पैसा आला, असा बहुतेकांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. बीटल्सची जी गाणी त्यांनी बँडमधले सहकारी जॉन लेनन यांच्या साथीने लिहिली, त्यांपैकी जवळजवळ सर्व गाण्यांची मालकी तारुण्यातच त्यांच्या हातून गेली होती. पुढची पन्नास वर्षे टिकलेली आणि वाढत गेलेली संपत्ती त्यांनी उभी केली, ती या नुकसानीतून मिळालेल्या समजेवर. गाणे लिहिणे, गाणे गाणे आणि गाण्याचे मालक असणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि दीर्घकाळ पैसा देते ती तिसरी गोष्ट, ही ती समज. हा व्यवहार गुंतागुंतीचा आहे, पण पायरीपायरीने पाहिला तर कोणालाही कळेल असा आहे.

बाजारात आलेल्या कोणत्याही गाण्यात कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र मालमत्ता असतात. एक म्हणजे मूळ रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे त्या रचनेचे एखादे विशिष्ट ध्वनिमुद्रण. रचनेचा हक्क गीतकार-संगीतकाराकडे निर्माण होतो आणि प्रथेप्रमाणे तो करार करून एखाद्या संगीत प्रकाशकाकडे सोपवला जातो. ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुतेक वेळा ध्वनिमुद्रणाचा खर्च करणाऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे राहतो. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, अशी स्थिती आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. संगीताच्या व्यवसायात विसाव्या शतकातील बहुसंख्य कलावंतांची अवस्था तशीच होती. ‘यस्टर्डे’ हे १९६५ चे गाणे घ्या. ते मॅकार्टनी यांनी एकट्याने गायले, बीटल्सपैकी दुसरे कोणीही त्या ध्वनिमुद्रणात वाजवत नाही. ते ध्वनिमुद्रण ईएमआय कंपनीचे होते. परंतु हेच गाणे नंतर इतर शेकडो गायकांनी आपापल्या आवाजात मुद्रित केले, आणि त्या प्रत्येक वेळी ईएमआयला काहीही मिळाले नाही. पैसे मिळाले ते रचनेच्या मालकाला आणि लेखकांना. ध्वनिमुद्रण जुने होते, त्याची शैली मागे पडते. चांगली रचना मात्र प्रत्येक पिढीत नव्या गळ्यातून पुन्हा बाजारात येते, आणि म्हणूनच जाणकार गुंतवणूकदार रचनेच्या हक्काला अधिक महत्त्व देतात.

या हक्कातून उत्पन्न अनेक वाटांनी येते. ध्वनिमुद्रिकेची, कॅसेटची किंवा सीडीची प्रत्येक प्रत विकली गेली की त्यातला ठरावीक वाटा रचनेच्या हक्कदारांना द्यावा लागतो. रेडिओ, दूरचित्रवाणी, हॉटेल, सभागृह अशा कोणत्याही सार्वजनिक ठिकाणी गाणे वाजले की परवाना शुल्क द्यावे लागते, आणि ते गोळा करून वाटण्यासाठी बहुतेक देशांत संस्था असतात. अमेरिकेत तर नेहमीच्या रेडिओ केंद्रांना गाणे वाजवल्याबद्दल गायकाला किंवा रेकॉर्ड कंपनीला काहीच द्यावे लागत नाही, फक्त रचनेच्या हक्कदारांना द्यावे लागते. चित्रपटात किंवा जाहिरातीत गाणे वापरायचे असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळी किंमत. नाटक कंपनीने संगीत नाटक रंगभूमीवर आणले तर त्याचे निराळे शुल्क. यांतली एकेक रक्कम लहान असेल, पण ती जगातल्या शेकडो ठिकाणांहून, लेखक झोपलेला असताना आणि तो गेल्यानंतरही, येत राहते.

हे सारे लिव्हरपूलच्या त्या तरुणांना १९६२ मध्ये ठाऊक नव्हते. ईएमआयबरोबरच्या त्यांच्या पहिल्या करारात एका सिंगल रेकॉर्डमागे, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणे असलेल्या लहान तबकडीमागे, एक जुनी पेनी मिळत असे, आणि त्या वेळच्या एका पौंडात २४० पेनी असत. ती एक पेनी चौघांत वाटली जाई आणि व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांचा वाटाही त्यातूनच जाई. ‘लव्ह मी डू’ या पहिल्या रेकॉर्डचे प्रकाशन हक्क ईएमआयच्याच एका प्रकाशन शाखेकडे गेले होते, आणि तिने गाण्यासाठी पुरेसे प्रयत्न केले नाहीत असे एप्स्टाइन यांना वाटले. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना डिक जेम्स यांचे नाव सुचवले. जेम्स पूर्वी गायक होते आणि नुकतेच प्रकाशनाच्या धंद्यात उतरले होते. एप्स्टाइन ‘प्लीज प्लीज मी’चे ध्वनिमुद्रण घेऊन त्यांच्या कार्यालयात गेले, तेव्हा जेम्स यांनी तिथल्या तिथे दूरचित्रवाणीवरच्या एका लोकप्रिय संगीत कार्यक्रमाच्या निर्मात्याला फोन लावला, रिसीव्हरपाशी गाणे वाजवून ऐकवले आणि बीटल्सला त्या कार्यक्रमात जागा मिळवून दिली. एवढ्या झटपट काम करणारा माणूस पाहून एप्स्टाइन यांचा विश्वास बसला, यात नवल नाही.

फेब्रुवारी १९६३ मध्ये लेनन-मॅकार्टनी यांच्या गाण्यांसाठी ‘नॉर्दर्न साँग्ज’ ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तिच्यातला निम्मा हिस्सा जेम्स आणि त्यांचे भागीदार चार्ल्स सिल्व्हर यांचा, लेनन आणि मॅकार्टनी यांचा प्रत्येकी २० टक्के आणि एप्स्टाइन यांचा १० टक्के, असे त्याचे स्वरूप होते. त्या काळाच्या मानाने हा करार वाईट नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. बहुतेक तरुण गीतकारांना प्रकाशन कंपनीत एक टक्काही मिळत नसे. दोष होता तो वेगळ्याच ठिकाणी. कंपनीचे नियंत्रण लेखकांकडे नव्हते, आणि सही करताना लेखकांचा स्वतःचा वकील तिथे नव्हता. गाण्याची मालकी असते आणि ती विकली जाते, ही कल्पनाच आपल्याला तेव्हा नव्हती, असे मॅकार्टनी यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

प्रकाशकाच्या वाट्याचे गणित एका ढोबळ उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रत्यक्षातले करार याहून गुंतागुंतीचे होते. समजा एका गाण्याच्या रचनेपोटी १०० पौंड आले. प्रथेप्रमाणे त्यातले ५० प्रकाशन कंपनीचे आणि ५० लेखकांचे. दोन लेखक असल्याने मॅकार्टनी यांना २५. शिवाय प्रकाशन कंपनीत त्यांचा २० टक्के हिस्सा, म्हणून तिच्या ५० पौंडांतले आणखी १० त्यांचेच. एकूण ३५. कंपनीतला हिस्सा गेला की उरले २५. याहून महत्त्वाचे असे की, गाणे कोणत्या जाहिरातीत वापरू द्यायचे, कोणाला परवानगी नाकारायची, हे ठरवण्याचा अधिकार कंपनीकडे असतो. लेखकाची रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या वापरापोटी मिळणारा त्याचा वाटा, चालू राहते, त्यामुळे मॅकार्टनी कधी उपाशी राहिले नाहीत; पण आपल्याच गाण्याबाबत त्यांना शब्द उरला नाही.

१९६५ मध्ये ‘नॉर्दर्न साँग्ज’ लंडनच्या शेअर बाजारात आली. त्या काळी ब्रिटनमध्ये वरच्या उत्पन्नावरचा कर अतिशय जबर होता, तर दीर्घकाळ बाळगलेल्या मालमत्तेच्या विक्रीवरील नफ्यावर सर्वसाधारण कर त्याच वर्षीच्या एप्रिलपासून लागू झाला. कंपनी फेब्रुवारीतच बाजारात उतरली. गाण्यांच्या भावी उत्पन्नाचे शेअरमध्ये रूपांतर करून काही भाग विकणे, हा करसल्लागारांच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग होता आणि अल्पकाळासाठी तो फायद्याचाही ठरला. ५० लाख शेअरपैकी साडेबारा लाख शेअर ७ शिलिंग ९ पेन्स दराने लोकांना विकले गेले. लेनन आणि मॅकार्टनी यांच्याकडे प्रत्येकी १५ टक्के राहिले. परंतु बाजारात नोंदलेली कंपनी कोणीही विकत घेऊ शकतो. कर वाचवण्यासाठी उघडलेल्या दारातून चार वर्षांनी परका माणूस आत आला.

ऑगस्ट १९६७ मध्ये एप्स्टाइन यांचे निधन झाले आणि चौघांच्या व्यवहारांवर देखरेख करणारा, सर्वांना मान्य असलेला माणूस उरला नाही. मार्च १९६९ मध्ये लेनन आणि मॅकार्टनी दोघेही नुकतेच विवाहबद्ध होऊन परदेशात असताना, जेम्स आणि सिल्व्हर यांनी आपले शेअर ल्यू ग्रेड यांच्या ‘एटीव्ही’ या दूरचित्रवाणी कंपनीला विकून टाकले. गाणी लिहिणाऱ्या दोघांना आधी विचारलेही नाही. त्यानंतर काही महिने शेअर गोळा करण्याची झुंज चालली. शेवटचा निर्णय लंडनच्या काही दलाल संस्थांच्या हातातल्या लहानशा गठ्ठ्यावर येऊन ठेपला आणि त्या एटीव्हीच्या बाजूला गेल्या. याच झुंजीत मॅकार्टनी यांनी गुपचूप जादा शेअर घेतल्याचे उघड झाले आणि लेनन यांच्याशी त्यांचे संबंध आणखी बिघडले. ज्या काळात दोघांनी एकत्र उभे राहायला हवे होते, नेमक्या त्याच काळात. शरद ऋतूपर्यंत नियंत्रण एटीव्हीकडे गेले होते. अल्पमतातले शेअर बाळगण्यात अर्थ नाही असे ठरवून दोघांनी आपले शेअरही विकले.

येथून मॅकार्टनी यांच्या आर्थिक जीवनाचा दुसरा भाग सुरू होतो, आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांच्या सासऱ्यांना जाते. मार्च १९६९ मध्ये त्यांनी लिंडा ईस्टमन यांच्याशी विवाह केला. लिंडा यांचे वडील ली ईस्टमन न्यूयॉर्कमधले नावाजलेले वकील होते. गीतकार आणि चित्रकार त्यांचे अशील होते आणि गाण्यांचे हक्क ही किती मौल्यवान मालमत्ता आहे हे ते पुरते ओळखून होते. लिंडा यांचे भाऊ जॉन हेही वकील. मॅकार्टनी यांना वाटत होते की बीटल्सचे व्यवहार ईस्टमन पितापुत्रांनी पाहावेत. बाकीच्या तिघांनी ॲलन क्लाइन या अमेरिकी व्यवस्थापकाची निवड केली. चौघांची मिळकत एका भागीदारीत एकत्र जमा होत असे, आणि मॅकार्टनी यांनी एकट्याने काढलेल्या अल्बमचे उत्पन्नही त्याच भागीदारीत, म्हणजे क्लाइन यांच्या देखरेखीखाली जाणार होते. म्हणून ३१ डिसेंबर १९७० रोजी त्यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात भागीदारी संपुष्टात आणण्याचा दावा दाखल केला. कायद्याने तो दावा क्लाइन यांच्यावर करता येत नव्हता, भागीदारांवरच करावा लागत होता. बालपणीच्या मित्रांना न्यायालयात खेचणारा माणूस म्हणून त्यांची जगभर निंदा झाली. मार्च १९७१ मध्ये न्यायालयाने भागीदारीच्या मालमत्तेवर प्रशासक नेमला, आणि पुढे दोनच वर्षांत उरलेल्या तिघांनीही क्लाइन यांच्याशी संबंध तोडले. माझ्या मते मॅकार्टनी यांच्या सगळ्या आर्थिक निर्णयांत हा सर्वांत अवघड आणि सर्वांत निर्णायक होता. तो घेतला नसता, तर पुढे जे कमावले ते स्वतःच्या नावावर राहिलेच नसते.

दुसरी लढाई एटीव्हीशी झाली. शेअर गेले तरी १९७३ पर्यंत नवी गाणी त्याच कंपनीला देण्याचा करार कायम होता. १९७१ मध्ये ‘अनदर डे’ हे गाणे पॉल आणि लिंडा मॅकार्टनी या दोन नावांनी प्रसिद्ध झाले. सहलेखिका म्हणून लिंडा यांचा निम्मा वाटा, आणि लिंडा या कराराने बांधलेल्या नव्हत्या, म्हणजे तो निम्मा वाटा एटीव्हीच्या हाती लागत नव्हता. लिंडा यांना गाणी लिहिण्याचा अनुभव नाही असे सांगत एटीव्हीने हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. १९७२ मध्ये तडजोड झाली, आणि तिच्या सुमारास मॅकार्टनी यांनी एटीव्हीसाठी दूरचित्रवाणीचा एक विशेष कार्यक्रम करण्याचे मान्य केले; तो १९७३ मध्ये प्रसारित झाला.

दरम्यान त्यांनी स्वतःची कंपनी उभी केली होती. आज ती ‘एमपीएल कम्युनिकेशन्स’ या नावाने ओळखली जाते आणि लंडनमधल्या सोहो स्क्वेअरमध्ये तिचे कार्यालय आहे. जुना करार संपल्यावर मॅकार्टनी यांची नवी गाणी तिच्याकडे येऊ लागली. १९७७ मध्ये ‘मल ऑफ किंटायर’च्या एकट्या ब्रिटनमध्ये २० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या, तोवर तिथे एकाही सिंगल रेकॉर्डने हा टप्पा गाठला नव्हता. ते गाणे एमपीएलचे होते.

पण कंपनीचे खरे वैशिष्ट्य याच्या पलीकडे आहे. पैसा कशात गुंतवावा असा प्रश्न आला, तेव्हा ज्या विषयातले कळते त्यातच गुंतव, असा सल्ला ली ईस्टमन यांनी दिला. संगीतातले कळते, तर गाण्यांचे हक्क विकत घे. कोणाची गाणी आवडतात, असे विचारल्यावर मॅकार्टनी यांनी बडी हॉली यांचे नाव घेतले. हॉली हे टेक्सासचे गायक-गीतकार, फेब्रुवारी १९५९ मध्ये विमान अपघातात वयाच्या अवघ्या बावीसाव्या वर्षी गेलेले. लिव्हरपूलच्या पोरांनी १९५८ मध्ये एका लहानशा स्टुडिओत स्वखर्चाने पहिली तबकडी मुद्रित करून घेतली, तेव्हा तिच्या एका बाजूला हॉली यांचेच गाणे होते. १९७० च्या दशकात त्यांच्या अनेक गाण्यांचे हक्क मॅकार्टनी यांच्याकडे आले. मालक म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. १९७६ पासून दर सप्टेंबरमध्ये, हॉली यांच्या जन्मदिनाच्या सुमारास, लंडनमध्ये ‘बडी हॉली सप्ताह’ साजरा होऊ लागला आणि तो वर्षानुवर्षे चालला. त्यात आदर निश्चितच होता. शिवाय गाणी लोकांच्या कानावर राहिली की ती पुन्हा गायली जातात, चित्रपटांत घेतली जातात, आणि मालमत्तेचे मोल टिकते, हेही होते.

यानंतर ‘एडविन एच. मॉरिस’ ही अमेरिकी प्रकाशन संस्था एमपीएलने घेतली. तिच्याबरोबर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या संगीत नाटकांचा मोठा साठा आला. ‘ॲनी’ हे नाटक १९७७ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि तुफान चालले. ‘ग्रीस’वर १९७८ मध्ये चित्रपट निघाला आणि मूळ नाटकातले ‘समर नाइट्स’ जगभर गाजले. पुढे एका रेकॉर्ड कंपनीशी करार करताना मॅकार्टनी यांनी फक्त रोख रक्कम मागितली नाही; फ्रँक लेसर यांच्या गाण्यांचा साठाही करारात मिळवला, ज्यात ‘गाइज अँड डॉल्स’ या नाटकाची गाणी होती. रोख रकमेवर त्या वर्षी कर भरावा लागतो आणि ती खर्चून जाते, गाण्यांचा साठा मात्र दर वर्षी उत्पन्न देतो. शाळा-महाविद्यालयांत आणि हौशी नाट्यसंस्थांत ही नाटके अमेरिकेत सतत होत असतात, आणि प्रत्येक प्रयोगामागे शुल्क द्यावे लागते. रॉकची फॅशन आली-गेली तरी या उत्पन्नाला धक्का लागत नाही. रॉक संगीतकाराने आपल्या वडिलांच्या पिढीची नाट्यगीते विकत घेणे तेव्हा अनेकांना विचित्र वाटले असेल, पण जोखीम विभागण्याचा याहून नेमका मार्ग क्वचितच सापडेल.

अशा साठ्याची किंमत कशी ठरते, हेही समजून घ्यावे. मागच्या काही वर्षांत प्रकाशकाच्या वाट्याला सरासरी किती निव्वळ उत्पन्न आले ते पाहायचे आणि त्याला एका आकड्याने गुणायचे, अशी रूढ पद्धत आहे. उदाहरणादाखल, वर्षाला एक लाख देणारा साठा आठपट किमतीला घेतला, तर उत्पन्न न वाढताही आठ वर्षांत मूळ रक्कम परत येते. ब्रिटनमध्ये हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. दोन लेखक मिळून लिहिलेल्या गाण्यात ती मोजणी नंतर गेलेल्या लेखकापासून होते. म्हणजे आठव्या वर्षानंतरची कित्येक दशके निव्वळ लाभाची. त्यात सीडी, स्ट्रीमिंग असे नवे माध्यम आले की तोच साठा नव्याने विकला जातो.

मायकल जॅक्सन यांनी हा धडा मॅकार्टनी यांच्याकडूनच घेतला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोघे एकत्र गाणी करत होते. त्या काळात मॅकार्टनी यांनी आपल्या घरी जॅक्सन यांना एमपीएलच्या मालकीच्या गाण्यांची वही दाखवली आणि गाण्यांच्या हक्कांत पैसा गुंतवण्याचा सल्ला दिला. तुमची गाणी मी एक दिवस घेईन, असे जॅक्सन म्हणाले. मॅकार्टनी यांना ती थट्टा वाटली. त्याआधी ल्यू ग्रेड यांनी ‘नॉर्दर्न साँग्ज’ २ कोटी पौंडांना देऊ केली होती, आणि लेनन यांच्या पत्नी योको ओनो यांच्याबरोबर निम्मेनिम्मे घेण्याचा प्रयत्न फसला, असे मॅकार्टनी सांगतात. पुढे एटीव्हीचे संगीत प्रकाशन ऑस्ट्रेलियातले उद्योजक रॉबर्ट होम्स अ कोर्ट यांच्याकडे गेले, आणि त्यांच्याकडून जॅक्सन यांनी १९८५ मध्ये ते ४ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतले. १९९५ मध्ये तो साठा सोनीच्या प्रकाशन व्यवसायात मिसळला गेला. २०१६ मध्ये जॅक्सन यांच्या वारसांचा निम्मा हिस्सा सोनीने ७५ कोटी डॉलरना घेतला; तोवर त्या कंपनीत इतर असंख्य गाण्यांची भर पडलेली होती, त्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करू नये. तरी दिशा स्पष्ट दिसते.

मालकी गेल्याचा अर्थ काय होतो, ते १९८७ मध्ये लख्ख दिसले. नाइकी कंपनीने बुटांच्या जाहिरातीत बीटल्सचे ‘रिव्होल्युशन’ हे गाणे मूळ ध्वनिमुद्रणासह वापरले. त्यासाठी तिला दोन परवानग्या लागल्या. रचनेची परवानगी जॅक्सन यांच्या ताब्यातल्या प्रकाशन कंपनीकडून आणि ध्वनिमुद्रणाची ईएमआयच्या अमेरिकी शाखेकडून. दोन्ही मिळाल्या. ज्यांनी गाणे लिहिले आणि गायले, त्यांच्यापैकी कोणाची संमती कायद्याने आवश्यकच नव्हती. बीटल्सच्या ‘ॲपल कोअर’ या कंपनीने दावा लावला आणि पुढे तो तडजोडीने मिटला.

स्वतःच्या नंतरच्या ध्वनिमुद्रणांबाबत मॅकार्टनी यांनी ही चूक होऊ दिली नाही. बीटल्सनंतरच्या अल्बमची मूळ ध्वनिमुद्रणे एमपीएलच्या मालकीची आहेत आणि ती ठरावीक मुदतीसाठी रेकॉर्ड कंपन्यांना वापरायला दिली जातात. म्हणूनच २०१० मध्ये हा संपूर्ण साठा ईएमआयकडून काढून दुसऱ्या कंपनीकडे आणि पुढे पुन्हा कॅपिटॉल या, पूर्वी ईएमआयची अमेरिकी शाखा असलेल्या, कंपनीकडे नेणे त्यांना शक्य झाले. ‘ॲपल कोअर’मधला चौथा हिस्साही त्यांनी कधी सोडला नाही. ती कंपनी बीटल्सचे नाव आणि ध्वनिमुद्रणे कशी वापरली जावीत यावर लक्ष ठेवते, आणि घाई करत नाही. बीटल्सची गाणी आयट्यून्सवर आली ती नोव्हेंबर २०१० मध्ये आणि स्ट्रीमिंग सेवांवर आली ती डिसेंबर २०१५ मध्ये, इतर बहुतेकांच्या कितीतरी मागून. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘नाऊ अँड देन’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

मैफलींचे उत्पन्नही प्रचंड आहे. एप्रिल १९९० मध्ये रिओ दी जानेरोच्या माराकाना स्टेडियममध्ये त्यांना ऐकायला सुमारे १ लाख ८४ हजार लोकांनी तिकिटे काढली होती, आणि ऐंशी ओलांडल्यावरही त्यांनी जगभर दौरे केले. मात्र मैफलीचा पैसा गळा आणि शरीर साथ देईल तोवरच मिळतो. आणि स्वतःचे बीटल्सचे गाणे ते रंगमंचावर गातात, तेव्हाही सार्वजनिक सादरीकरणाच्या शुल्कातला प्रकाशकाचा वाटा दुसऱ्याकडे जातो.

एकूण संपत्तीबद्दलचे बहुतेक आकडे अंदाजाचे असतात. एक आकडा मात्र न्यायालयात तपासला गेला आहे. दुसऱ्या पत्नी हेदर मिल्स यांच्याशी झालेल्या घटस्फोटाचा निकाल मार्च २००८ मध्ये लंडनच्या न्यायालयाने जाहीर केला, आणि त्यात मॅकार्टनी यांची संपत्ती सुमारे ४० कोटी पौंड असल्याचे न्यायाधीशांनी मान्य केले. ती ८० कोटी आहे हा दुसऱ्या बाजूचा दावा त्यांनी फेटाळला आणि एकूण २ कोटी ४३ लाख पौंड देण्याचा आदेश दिला. संपत्तीचा बहुतांश भाग या विवाहाच्या कितीतरी आधी निर्माण झालेला आहे, हा त्या निकालातला महत्त्वाचा मुद्दा होता.

इतर मोठ्या संगीतकारांनी वेगळे मार्ग निवडले. डेव्हिड बोवी यांनी १९९७ मध्ये आपल्या गाण्यांच्या भावी उत्पन्नावर ५ कोटी ५० लाख डॉलरचे रोखे काढले आणि त्या रकमेचा उपयोग जुन्या व्यवस्थापकाकडे अडकलेले हक्क सोडवण्यासाठी केला. बॉब डिलन यांनी २०२० मध्ये आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी २०२१ मध्ये आपले साठे मोठ्या कंपन्यांना विकले. वय झाल्यावर वारसांसाठी हिशेब सोपा करून ठेवणे हे त्यामागचे एक समंजस कारण असू शकते. मॅकार्टनी यांनी एमपीएल विकलेली नाही.

उलट, गेलेली गाणी परत मिळवण्याचा प्रयत्न त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर केला. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात एक विलक्षण तरतूद आहे. १९७८ पूर्वीच्या रचनांचे हक्क लेखकाने कोणालाही दिलेले असोत, ५६ वर्षांनंतर तो किंवा त्याचे वारस ते अमेरिकेपुरते परत घेऊ शकतात, आणि मूळ करारात काही लिहिले असले तरी हा अधिकार सोडून देता येत नाही. अट अशी की किमान दोन आणि कमाल दहा वर्षे आधी नोटीस दिली पाहिजे. सही करताना तरुण लेखकाला आपल्या रचनेचे खरे मोल माहीत नसते, हे कायदे करणाऱ्यांनी ओळखले होते. १९६२ च्या गाण्यांसाठी ही मुदत २०१८ मध्ये येत होती आणि मॅकार्टनी यांनी २००८ पासूनच नोटिसा द्यायला सुरुवात केली होती. डिसेंबर २०१६ मध्ये मात्र लंडनच्या न्यायालयाने ‘ड्युरान ड्युरान’ या बँडच्या प्रकरणात असा निकाल दिला की, इंग्रजी कायद्याखाली केलेल्या त्यांच्या करारामुळे त्यांना हा अमेरिकी अधिकार बजावता येणार नाही. धोका ओळखून जानेवारी २०१७ मध्ये मॅकार्टनी यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात ‘सोनी/एटीव्ही’ या, बीटल्सच्या गाण्यांचा साठा बाळगणाऱ्या सोनीच्या प्रकाशन कंपनीविरुद्ध दावा लावला आणि त्याच वर्षाच्या मध्यावर दोन्ही पक्षांत गोपनीय तडजोड झाली.

भारतात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला, आणि मराठी गीतकार-संगीतकारांशी त्याचा थेट संबंध आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच असतो. त्यामुळे हिंदी-मराठी चित्रपटगीतांच्या असंख्य रचनाकारांना एकरकमी मानधनावर समाधान मानावे लागले. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि राज्यसभेचे तत्कालीन सदस्य जावेद अख्तर यांनी तिचा नेटाने पाठपुरावा केला होता. या दुरुस्तीनुसार, चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून गाण्याचा अन्यत्र जो वापर होतो, त्याच्या रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा समान वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. तो फक्त कायदेशीर वारसांना किंवा अशी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला देता येतो. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गाण्यांनाही हे संरक्षण आहे. ही रक्कम गोळा करून वाटण्याचे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली आणि मुंबईत मुख्यालय असलेली ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ करते. तिचे सदस्यत्व घेऊन आपले प्रत्येक गाणे, सहलेखकांच्या नावांसह आणि वाट्यांसह, तिच्याकडे नोंदवले असेल, तरच ही रॉयल्टी योग्य माणसाच्या खात्यात पोचते. भावगीत, चित्रपटगीत, मालिकेचे शीर्षकगीत किंवा यूट्यूबवरचे स्वतंत्र गाणे, सर्वांनाच हे लागू आहे.